ताऱ्यांमधील धूळ आणि उपयोगाचा प्रश्न

"याचा उपयोग काय ?" हा प्रश्न आमच्या गांवीं जितक्या कळकळीनें विचारला जातो तितका दुसरीकडे क्वचितच विचारला जात असेल. त्यांत नवल नाहीं. जी वस्ती निर्वासितांच्या छावणींतून उभी राहिली, जिच्या पहिल्या पिढीनें लष्करी बराकींत संसार थाटले व मिळेल त्या वस्तूचा धंदा केला, त्या वस्तीनें प्रत्येक गोष्ट उपयोगाच्या तागडींत तोलून पाहावी हें स्वाभाविकच होय. आमच्या शाळेच्या पालकांत सिंधी, मराठी, उत्तर भारतीय असे सर्व प्रकारचे कष्टाळू लोक आहेत. मुलांनीं विज्ञान शिकावें हें त्यांना मान्य आहे. मात्र त्या विज्ञानाच्या शेवटीं नोकरी अथवा दुकान दिसलें पाहिजे अशी त्यांची अपेक्षा असते. म्हणून यंदाच्या अंकासाठीं आम्ही मुद्दामच असा विषय निवडला आहे कीं, ज्याच्या शेवटीं दुकान दिसत नाहीं. ताऱ्याताऱ्यांमधील अवकाशांत धुळीचे व वायूचे जे अवाढव्य मेघ पसरले आहेत, त्यांच्या पोटांतील चुंबकीय क्षेत्र अवरक्त प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून ओळखण्याची विद्या, हा तो विषय. ही विद्या आमच्या मुलांनीं जाणावी, आणि पालकांनीं त्यांना ती जाणूं द्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ लावूं. दोरीचें एक टोंक खिडकीच्या गजाला बांधून दुसरें टोंक हातानें हालविलें, तर दोरी वरखालीं हालते किंवा आडवी हालते. हात फिरवावा तशी कंपनाची दिशा फिरते. प्रकाश हीहि लहरच आहे. सूर्याच्या किंवा दिव्याच्या प्रकाशांत सर्व दिशांचीं कंपनें सारख्या प्रमाणांत मिसळलेलीं असतात. त्यांपैकीं एका दिशेचीं कंपनें इतरांहून अधिक झालीं म्हणजे तो प्रकाश ध्रुवित झाला असें म्हणतात. मधमाशीला हा भेद कळतो, आपल्या डोळ्यांना बहुधा कळत नाहीं. फ्रान्समधील एत्येन मालूस यानें १८०८ सालीं पॅरिस येथील लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारा मावळता सूर्यप्रकाश कॅल्साइटच्या स्फटिकांतून पाहिला, आणि स्फटिक फिरवितांच त्यांत दिसणाऱ्या दोन प्रतिमा आळीपाळीनें मंद व तेजस्वी होतात, असें त्याच्या ध्यानीं आलें. हा स्फटिक परदेशचाच आहे असें नव्हे; आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतहि तो सांपडतो.

आमच्या मुलांना मालूसचा राजवाडाहि नको. मोबाईलच्या पडद्यांतून निघणारा प्रकाश बहुतेक वेळां ध्रुवितच असतो. ज्याच्या कांचेवर खरोखर पोलरॉइडचा पापुद्रा आहे असा काळा चष्मा त्या पडद्यासमोर धरून हळूहळू फिरवावा; एका स्थितींत पडदा काळा पडतो, आणि तेथून पाव फेरा दिला कीं पुन्हां उजळतो. बाजारांत 'पोलराइज्ड' अशी चिठ्ठी लावलेले चष्मे पुष्कळ मिळतात. चिठ्ठी खरी कीं खोटी हें ओळखण्याची ही परीक्षा आठवीच्या मुलाला आली, तर निदान एका पालकाला उपयोग सांपडल्याचें समाधान मिळेल ! तोच चष्मा घेऊन सूर्य क्षितिजाजवळ असतां गच्चीवर जावें व डोक्यावरील निळ्या आकाशाकडे पाहावें. (सूर्याकडे मात्र कदापि पाहूं नये.) चष्मा फिरवितांना आकाश गडद व फिकें होत जातें. हवेंत धूर व धूळ दाटली असली म्हणजे हा फरक मंदावतो; आणि पहिल्या पावसानें हवा धुऊन निघाली कीं तोच फरक ठळक होतो. हवेंतील कणांची बातमी प्रकाश आपल्या कंपनांच्या दिशेंत लिहून आणतो, हा धडा येथेंच, कॅम्प एकच्या गच्चीवर, शिकतां येतो.

आतां ताऱ्यांकडे वळूं. १९४९ हें साल आमच्या वाचकांस एका वेगळ्या कारणानें पाठ आहे. त्या वर्षीं ८ ऑगस्ट रोजीं कल्याणच्या छावणीला उल्हासनगर हें नांव मिळालें. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत जॉन हॉल व विल्यम हिल्टनर या दोघां अमेरिकन ज्योतिषज्ञांचे निबंध प्रसिद्ध झाले. लाहोर येथें १९१० सालीं जन्मलेले आपले सुब्रह्मण्यम् चंद्रशेखर यांनीं गणितानें असें दाखविलें होतें कीं, अति उष्ण ताऱ्याच्या कडेचा प्रकाश ध्रुवित असला पाहिजे. एक तारा दुसऱ्याला झांकूं लागला म्हणजे ही कड उघडी पडेल, या आशेनें शोध सुरू झाला. ध्रुवीकरण सांपडलें खरें. परंतु तें ग्रहण असो वा नसो कायमच होतें, आणि ज्या ताऱ्यांचा प्रकाश वाटेंतील धुळीनें तांबूस झाला आहे त्यांच्यांतच तें ठळक होतें. म्हणजे तें ताऱ्यांचें नव्हतेंच. वाटेंतील धुळीचें होतें. ज्या धुळीला ज्योतिषी तोंवर केवळ अडथळा समजत होते, तीच साक्षीदार ठरली.

धुळीनें प्रकाश ध्रुवित व्हावा यासाठीं दोन गोष्टी लागतात. कण गोल नसावेत, आणि ते सर्व एका शिस्तींत उभे असावेत. हे कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढे, म्हणजे उदबत्तीच्या धुरांतील कणांच्या जातीचे असतात. त्यांना शिस्त लावणारें चुंबकीय क्षेत्रच असलें पाहिजे, असें १९५१ सालीं डेव्हिस व ग्रीनस्टीन यांनीं मांडलें. येथें मुलांची एक हटकून चुकीची समजूत होते, ती दूर करणें अवश्य आहे. होकायंत्राच्या सुईप्रमाणें कण लांबट बाजूनें क्षेत्राच्या दिशेस उभा राहत नाहीं. तो भिंगरीसारखा स्वतःभोंवतीं फिरत असतो. त्याचा बुटका आंस क्षेत्राच्या दिशेस जुळतो आणि लांब बाजू आडवी फिरत राहते. ताऱ्याचा प्रकाश अशा कणांमधून आला म्हणजे लांब बाजूच्या दिशेचीं कंपनें अधिक अडतात आणि क्षेत्राच्या दिशेचीं अधिक सुटून येतात. कणांना फिरवितो कोण, याविषयीं मतें पालटत गेलीं. ताऱ्यांचा प्रकाशच वांकड्यातिकड्या कणांना वाऱ्यानें भिंगरी फिरवावी तसा फिरवितो, हें मत सांप्रत अधिक मान्य आहे.

मग अवरक्त प्रकाशाची गरज कां ? कारण उघड आहे. जेथें तारे जन्मतात ते मेघ इतके दाट असतात कीं त्यांच्या आंतून डोळ्यांना दिसणारा प्रकाश बाहेरच पडत नाहीं. १८०० सालीं विल्यम हर्शेल यानें सूर्याच्या सप्तरंगांतील तांबड्याच्या पलीकडे उष्णतामापक ठेवून जे अदृश्य किरण शोधले, ते अशा धुळींतून वाट काढूं शकतात. (दूरदर्शन संचाच्या रिमोटचें बटण दाबून त्याचें टोंक मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरलें, तर पुष्कळदां त्या जातीच्या किरणांचा ठिपका पडद्यावर दिसतो.) याहून नवलाची गोष्ट ही कीं, शून्याखालीं अडीचशें अंशांहूनहि थंड असलेली ती धूळ स्वतःच दूर-अवरक्त प्रकाश सोडीत असते. हे कण लांब बाजूच्या दिशेनें अधिक प्रकाश सोडतात. म्हणून येथें ध्रुवीकरणाची दिशा क्षेत्राला काटकोनांत येते, आणि नकाशा काढणारा ती पाव फेरा फिरवून क्षेत्राची दिशा काढतो. मात्र आपल्या वातावरणांतील पाण्याची वाफ हा प्रकाश बहुतांशीं गिळून टाकते. त्यामुळें यंत्र विमानांत, बलूनमध्यें किंवा उपग्रहावर चढवावें लागतें.

दिशा कळली, जोर कसा कळावा? १९५३ सालीं चंद्रशेखर व एन्रिको फर्मी यांनीं दिलेली युक्ति आम्हांस फार आवडते, कारण ती धोब्यालाहि समजावून सांगतां येते. वाऱ्यांत कपडे वाळत घालण्याची दोरी ताणलेली असली तर थोडी हालते, सैल असली तर झोके खाते. मेघांत वायूची खळबळ चाललेली असते. ती खळबळ किती वेगाची आहे व वायु किती दाट आहे हें ठाऊक असलें, तर ध्रुवीकरणाच्या दिशा एकमेकींपासून किती विस्कटलेल्या आहेत यावरून चुंबकीय रेषांचा ताण काढतां येतो. विस्कट थोडा तर क्षेत्र बळकट. या युक्तीनें येणारा आंकडा अनेकदां खऱ्याहून मोठा येतो, आणि वायूची घनता अंदाजानेंच घ्यावी लागते. हें जाणते लोक उघडपणें सांगतात व त्याप्रमाणें सूत्रांत दुरुस्त्या करतात. आमच्या मतें विद्यार्थ्यांना सूत्राइतक्याच काळजीनें त्या दुरुस्त्याहि शिकविल्या पाहिजेत.

एवढ्या खटपटीचें कारण आतां सांगतों. त्या मेघांवर केवळ गुरुत्वाकर्षणाचाच अंमल असता, तर ते भराभर कोसळून त्यांचे तारे बनले असते. प्रत्यक्षांत आपल्या आकाशगंगेंत वर्षाकाठीं साऱ्या नव्या ताऱ्यांचें मिळून वस्तुमान सूर्याच्या एक-दोन पटच भरतें. कोसळण्याच्या हिशेबानें तो आंकडा शंभर पटींहून अधिक यावयास हवा होता. कोणीतरी मेघांना आवरून धरीत आहे. वायूची खळबळ, नव्या ताऱ्यांचा झोत व चुंबकीय क्षेत्र या तिघांवर आरोप आहे, आणि कोणाचा वांटा किती याचा निवाडा अद्याप झालेला नाहीं. २००९ सालीं सोडलेल्या प्लांक उपग्रहाच्या नकाशांवरून २०१६ सालीं असें दिसून आलें कीं, मेघांच्या विरळ भागांतील धागे क्षेत्राला बहुधा समांतर असतात, तर दाट भागांतील धागे क्षेत्राला आडवे जातात. म्हणजे वायु कोठें जमावा हें ठरविण्यांत क्षेत्राचा हात आहे. आपला सूर्य अशाच एखाद्या मेघांतून जन्मला. तेव्हां हा प्रश्न परक्याचा नव्हे.

महाराष्ट्राचा या विद्येशीं काय संबंध, असें कोणी विचारील तर त्याला प्रथम अलिबागला न्यावें. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवली जात असे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार व त्यांच्या प्रवाहानें सुया थरथरणार, हें ओळखून १९०४ सालीं तें काम अलिबागेस, चुंबकाला न ओढणाऱ्या साहित्याच्या इमारतींत, हालविण्यांत आलें. त्या काळचे संचालक नानाभाई मूस हे त्या वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक होत. शहराच्या सोयीसाठीं ट्राम थांबविली नाहीं आणि ट्रामसाठीं विद्याहि बुडविली नाहीं. वेधशाळा खाडीपार नेली. हा शहाणपणा आम्हांस आजच्या दिव्यांच्या झगमगाटांतहि आठवतो. तेथें मोजलें जाणारें पृथ्वीचें क्षेत्र अर्ध्या गॉसहून थोडें कमी भरतें. ताऱ्यांमधील विरळ अवकाशांतील क्षेत्र त्याच्या सुमारें एक लक्षांश असतें. आणि तेवढ्याशा क्षेत्रानें कित्येक प्रकाशवर्षें लांबीचे मेघ वळतात.

दुसरें ठिकाण पुण्याचें. डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखालीं १९८८ सालीं स्थापन झालेल्या आयुका संस्थेंत प्रकाशाचें ध्रुवीकरण मोजणारीं यंत्रें बनविण्याची परंपरा आहे. १९९० च्या दशकांत तेथें 'इम्पोल' हें यंत्र तयार झालें, व पुढें जुन्नरजवळच्या गिरावली येथील दोन मीटरच्या दुर्बिणीवरहि तें वापरलें गेलें. तेथील ए. एन. रामप्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातचें 'रोबोपोल' हें यंत्र २०१३ पासून ग्रीसच्या क्रीट बेटावर स्किनाकास येथें काम करूं लागलें. त्यानंतर 'वालोप' नांवाच्या दोन यंत्रांची योजना झाली, एक क्रीटसाठीं व दुसरें दक्षिण आफ्रिकेंतील सदरलंडसाठीं. त्यांत कॅल्साइटचेच लोलक आहेत. पूर्ण चंद्राच्या बिंबाएवढा रुंद आकाशाचा तुकडा एकाच वेळीं चार प्रतिमांत विभागून, हजारांत एक भाग इतकें सूक्ष्म ध्रुवीकरण ओळखावें, असा संकल्प आहे. हीं यंत्रें दृश्य प्रकाशावर चालणारीं आहेत, अवरक्तावर नव्हे. परंतु धूळ तीच आणि क्षेत्रहि तेंच.

इतक्या सूक्ष्मतेची निकड कां भासली तेंहि सांगण्यासारखें आहे. १७ मार्च २०१४ रोजीं दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ दुर्बिणीच्या संशोधकांनीं जाहीर केलें कीं, विश्वाच्या आरंभींच्या गुरुत्वलहरींची खूण त्यांना अतिप्राचीन प्रकाशाच्या ध्रुवीकरणांत सांपडली आहे. जगभर जयजयकार झाला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत प्लांकच्या मंडळींनीं दाखविलें कीं, आकाशाच्या त्या भागांतहि आपल्या आकाशगंगेची धूळ पुरेशी आहे. आणि २०१५ च्या आरंभीं दोन्ही मंडळ्यांनीं एकत्र बसून केलेल्या हिशेबांत ती खूण टिकली नाहीं. प्रतिस्पर्ध्यांनीं एकमेकांच्या वह्या उघडून एकत्र बेरीज करावी, हें दृश्य आम्हांस मूळच्या घोषणेहून अधिक मोलाचें वाटतें. धुळीचा नकाशा आधीं नीट काढल्याविना पलीकडचें कांहींच खात्रीनें वाचतां येणार नाहीं, हें तेव्हां सर्वांस पटलें.

आतां पालकांच्या प्रश्नाला उत्तर देतों. या प्रश्नाला विज्ञानाचे कांहीं भाट खोटें उत्तर देतात: आज तारे पाहा, उद्यां त्यांतून एखादें यंत्र निघेलच. तसें निघतेंहि. २०२४ च्या फेब्रुवारींत सोडलेल्या 'पेस' उपग्रहावर ध्रुवित प्रकाश मोजणारीं उपकरणें आहेत, आणि तीं आपल्याच वातावरणांतील धूर व धुळीच्या कणांचा आकार व जात ओळखण्यासाठीं आहेत. आमच्यासारख्या धुरकट हवेच्या गांवाला हें लहान काम नव्हे. तरीहि आमचा दावा आम्ही यावर उभा करीत नाहीं. उद्यां त्यांतून कांहीं निघालें नाहीं तर ती विद्या टाकाऊ ठरेल काय ? ज्या मेघांतून आपण आलों त्यांचें जाणून घेणें ही मनुष्याची भूक आहे, आणि भुकेला उपयोग विचारण्याची रीत नाहीं.

खर्चाचा प्रश्न मात्र खरा आहे. तो झटकून टाकणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. अमेरिका व जर्मनी यांचें 'सोफिया' नांवाचें विमान, २.७ मीटरच्या आरशासह बारा-तेरा किलोमीटर उंचीवर उडत, अवरक्त प्रकाशांत मेघांचीं चुंबकीय क्षेत्रें रेखाटीत असे. वर्षाला सुमारें साडेआठ कोटि डॉलर खर्च होई. त्या मानानें मिळकत थोडी, असा निर्वाळा तज्ज्ञांच्या समितीनें दिला, आणि २०२२ च्या सप्टेंबरांत तें विमान कायमचें उतरलें. समितीनें हिशेब मागितला यांत आम्हांस वावगें वाटत नाहीं. हळहळ इतकीच कीं, ऐन नकाशे जमूं लागले असतां पन्नास ते दोनशें मायक्रॉनच्या प्रकाशाची ती खिडकी बंद झाली.

आणि येथेंच आपल्या देशाला संधि आहे असें आम्हांस वाटतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें एक मीटर आरशाची दूर-अवरक्त दुर्बीण बलूनखालीं टांगून हैदराबादेहून अनेक वेळां तीस किलोमीटरपलीकडे उडविली आहे, आणि ताऱ्यांच्या जन्मस्थानांचे नकाशे काढले आहेत. बलूनवरून ध्रुवीकरण मोजतां येतें हें 'ब्लास्टपोल' या दुर्बिणीनें अंटार्क्टिकावर २०१० व २०१२ सालीं सिद्ध केलें. पुण्याला ध्रुवीकरणाचे कारागीर, मुंबईला अवरक्ताचे जाणकार, हैदराबादेस बलून: तिघांची सांगड घालून एखादें यंत्र वर गेलें, तर खर्च विमानाच्या मानानें किरकोळ येईल. हें काम सोपें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. अति थंड राखावे लागणारे संवेदक ही मोठी अडचण आहे. पण अडचण सोडविणारीं माणसें आतांच शाळेंत असलीं पाहिजेत, आणि तीं मुंबई-पुण्याच्याच शाळांत असावींत असा नियम नाहीं.

आमच्या गांवाविषयीं बाहेरचे लोक थट्टेनें बोलतात, येथें कोणत्याहि वस्तूची नक्कल मिळते म्हणून. त्या थट्टेंतली अर्धी गोष्ट ते विसरतात. नक्कल करण्यासाठींहि वस्तु खोलावी लागते, तिचा प्रत्येक सुटा भाग ओळखावा लागतो. बिघडलेल्या दूरदर्शन संचाच्या पडद्यावरील ध्रुवक पापुद्रा सोलून नवा बसविणारे कारागीर अशा बाजारांत असतात. पापुद्रा पाव फेरा चुकला तर चित्र उलटें, काळ्याचें पांढरें होतें, हें त्यांना कोणत्याहि पाठ्यपुस्तकाविना कळतें. त्या कारागिराचा मुलगा किंवा मुलगी आमच्या वर्गांत बसते आणि ध्रुवीकरणाची व्याख्या पाठ करते. घरचा हात व शाळेची वही यांची भेटच होत नाहीं. दोष वहीचा अधिक आहे, असें आमचें मत आहे. संध्याकाळचे दोन शिकवणीवर्ग करून थकलेलें मूल गच्चीवर जाऊन आकाश पाहील अशी अपेक्षाहि व्यर्थ होय. आठवड्यांतील एक संध्याकाळ मोकळी ठेवावी, एवढेंच आम्ही पालकांस सुचवितों.

पदार्थविज्ञानाच्या खोलींत पुढील सत्रापासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर एक तास हा प्रयोग चालेल. पोलरॉइडचा पापुद्रा कोनमापकावर बसवून दर पंधरा अंशांनीं प्रकाश मोजावयाचा, व आलेख काढावयाचा. प्रथम दिव्याचा, मग मोबाईलच्या पडद्याचा, आणि पावसाळा सरल्यावर आकाशाचा. ज्या पालकांच्या दुकानीं मोडक्या पडद्यांचे सोललेले पापुद्रे भंगारांत जातात, त्यांनीं ते मुलांबरोबर शाळेंत पाठवावे. ओरखडे असले तरी चालतील.